चित्र बिघडते कोठे?

बुद्धिबळाचा डाव संपला तरी त्यातील खेळ्या कागदावर उतरवून ठेवता येतात, आणि शंभर वर्षांनंतर तो कागद हाती लागलेला मनुष्य तोच डाव पटावर पुन्हा मांडू शकतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ खेळांची गोष्ट वेगळी आहे. तेथे पडद्यावरील चित्र एका सेकंदात पन्नास-साठ वेळा बदलते, आणि खेळाडूचे कौशल्य त्या बदलांच्या ओघात क्षणभर प्रकट होऊन नाहीसे होते. ते मागे ठेवावयाचे असेल तर सामान्य खेळाडूस चित्रमुद्रणावाचून गत्यंतर नसते.

हे मुद्रण ज्या उपकरणाच्या साहाय्याने केले जाते त्यास कॅप्चर कार्ड म्हणतात. नाव कार्ड असले तरी आज ते बहुधा काड्यापेटीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या डबीच्या रूपात मिळते. कन्सोलमधून, म्हणजे खेळ चालविणाऱ्या यंत्रातून, निघालेला चित्रसंकेत या डबीत शिरतो आणि तेथे त्यास दोन वाटा फुटतात. एक वाट दूरचित्रवाणी संचाकडे जाते व तिच्यावरील चित्रात सहसा काही फेरफार होत नाही. दुसरी वाट संगणकाकडे वळते. खेळाडू पहिल्या वाटेवरचे चित्र पाहत खेळतो. साठविले जाते ते मात्र दुसऱ्या वाटेवरचे.

नवशिक्या मुद्रकाची नेहमीची तक्रार या दोन वाटांतून जन्म घेते. खेळताना चित्र लख्ख होते, पण मुद्रण उघडून पाहिले तर ते पुसट, फिकट, ठोकळेदार किंवा अडखळत चालणारे निघाले, असे तो सांगतो. मग तो कार्डास दोष देतो, अधिक किमतीचे कार्ड विकत आणतो, आणि नव्या कार्डाचे चित्रही तसेच निघाले म्हणजे हतबुद्ध होतो. वस्तुतः दोष पुष्कळदा कार्डात नसतोच.

हा केवळ हौशी मंडळींच्या करमणुकीचा प्रश्न आहे, असे कोणास वाटेल. परंतु अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत. जे खेळ दूरवरच्या सर्व्हरशी जोडल्यावाचून चालत नाहीत, त्यांची अवस्था तर याहून बिकट आहे. २०१४ साली आलेल्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद करण्यात आले, आणि ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांनाही तो त्या दिवसापासून खेळता येईनासा झाला. अशा खेळाचे जे चित्रमुद्रण कोणी करून ठेवले असेल, तेच त्याचे मुख्य अवशेष होत. ते ठोकळेदार असेल तर पुढील पिढीस तो खेळ ठोकळेदारच दिसणार.

तीन ठिकाणी पाहणे

कन्सोलपासून साठविलेल्या फाइलीपर्यंत चित्र अनेक हातांतून जाते: कन्सोल, केबल, कार्ड, कार्डास संगणकाशी जोडणारी यू.एस.बी. वाहिनी, संगणकातील मुद्रणाचे सॉफ्टवेअर, आणि शेवटी चित्राचा आकार आटोपशीर करणारा संक्षेपक. प्रत्येक टप्प्यावर चित्रातील काही तपशील गळून पडण्याचा संभव असतो. आणि एकदा गळलेला तपशील पुढच्या कोणत्याही टप्प्यावर परत मिळत नाही. दळलेल्या पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. म्हणून दोषाचा शोध नेहमी उगमाकडून मुखाकडे करावयाचा असतो. फाइल वाईट निघाली म्हणून फाइलीपाशीच खटपट करीत बसणे व्यर्थ होय.

सुदैवाने या वाटेवर तीन ठिकाणी चित्र डोळ्यांनी पाहता येते. पहिले ठिकाण दूरचित्रवाणी संच. दुसरे, मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण सुरू करण्यापूर्वी दिसणारे पूर्वदर्शन. तिसरे म्हणजे तयार झालेली फाइल. खेळातील एकच स्थिर दृश्य, एखादी पाटी किंवा पर्यायांची यादी, पडद्यावर थांबवून या तिन्ही ठिकाणी पाहावी. संचावरच चित्र वाईट असेल तर दोष कन्सोलमध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा केबलीत आहे. संचावर चांगले व पूर्वदर्शनात वाईट असेल तर दोष कार्ड, यू.एस.बी. वाहिनी किंवा रंगांच्या मापनात आहे. पूर्वदर्शन स्वच्छ असून फाइलच तेवढी बिघडली असेल तर दोष संक्षेपणाचा आहे. ही तपासणी करावयास पाच मिनिटे पुरतात, आणि बहुतेक लोक तेवढी पाच मिनिटे काढीत नाहीत.

केबलीविषयी एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. आजच्या एच.डी.एम.आय. केबलीतून चित्र अंकांच्या रूपाने जाते. असे अंक नीट पोहोचतात किंवा पोहोचत नाहीत. केबल सदोष असली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच नाहीसे होते किंवा मुळी येतच नाही. परंतु केबलीमुळे चित्र पुसट होत नाही वा रंग फिके पडत नाहीत. पुसटपणावर उपाय म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली महाग केबल घेणे हा पैशांचा अपव्यय होय. जुन्या कन्सोलच्या पिवळ्या टोकाच्या केबलीची गोष्ट निराळी. तिच्यातून जाणारा संकेत खरोखरच हळूहळू क्षीण आणि गढूळ होऊ शकतो. संच व्यवस्थित चालत असून पूर्वदर्शन पूर्ण काळे येत असेल, तर तो बहुधा बिघाड नसून प्रतिबंध असतो. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून अनेक कन्सोल आपला संकेत कुलूपबंद करून पाठवितात. प्लेस्टेशन ४ या यंत्रात २०१४ सालापासून खेळापुरते ते कुलूप काढून ठेवण्याची सोय झाली. तिच्या आधीच्या प्लेस्टेशन ३ च्या एच.डी.एम.आय. वाटेवर ती नव्हती.

नळाची तोटी आणि पाण्याचा लोंढा

कार्ड आणि संगणक यांच्यामधील वाहिनी हा या साऱ्या प्रवासातील सर्वांत दुर्लक्षित टप्पा होय. तेथे काय घडते हे साध्या गुणाकाराने समजते. आजच्या सर्वसाधारण खेळाचे चित्र रुंदीस १,९२० व उंचीस १,०८० बिंदूंचे असते. या बिंदूंना पिक्सेल म्हणतात. एका स्थिर चित्रात, म्हणजे एका फ्रेममध्ये, २०,७३,६०० पिक्सेल झाले. सेकंदास ६० फ्रेम धरल्या तर १२,४४,१६,०००. रंगाचा थोडा तपशील कमी करूनही प्रत्येक पिक्सेलास १६ बिट लागतात असे मानले तर दर सेकंदाला सुमारे १९९ कोटी बिट वाहून न्यावे लागतात.

आता वाहिनीची क्षमता पाहू. यू.एस.बी. २.० या वाहिनीची कागदोपत्री मर्यादा सेकंदास ४८ कोटी बिट आहे, आणि प्रत्यक्षात तेवढीही हाती लागत नाही. यू.एस.बी. ३.० ची मर्यादा ५०० कोटी बिट आहे. पहिल्या वाहिनीतून १९९ कोटींचा लोंढा नेणे अशक्य, हे उघड आहे. किंबहुना १,२८० गुणिले ७२० पिक्सेलांचे लहान चित्रही सेकंदास ६० फ्रेमच्या गतीने पाठवावयाचे तर ८८ कोटी बिट होतात.

मग यू.एस.बी. २.० वर चालणारी स्वस्त कार्डे हे कसे साधतात? ती दोन युक्त्या योजतात. प्रत्येक फ्रेम वेगवेगळी दाबून लहान करतात, त्यामुळे अक्षरांच्या व आकृत्यांच्या कडांभोवती डासांच्या थव्यासारखी धूसर वळवळ दिसते. आणि पुष्कळदा साठांपैकी तीसच फ्रेम पुढे पाठवितात. हे काम डबीच्या आतच उरकलेले असते. सॉफ्टवेअरला जे मिळते तेच मुळी दाबलेले, अर्धे झालेले चित्र होय. अशा डबीच्या वेष्टनावर '४के' अशी ठळक अक्षरे असतात, परंतु ती डबी किती मोठे चित्र आत घेऊ शकते याविषयी ती बोलतात. किती मोठे बाहेर देते याविषयी मौन असते. गिऱ्हाइकाने दुसरा आकडा शोधून वाचावा.

चांगले कार्ड असूनही हाच दोष उद्भवू शकतो, कारण ते संगणकाच्या चुकीच्या खाचेत खोवलेले असते. यू.एस.बी. ३.० चे कार्ड जुन्या खाचेत किंवा कीबोर्ड, माउस आणि साठवणीची डिस्क यांच्यासह एकाच विस्तारकावर लावले तर त्याच्या वाट्यास अपुरी वाहिनी येते. काही कार्डे अशा वेळी चालण्याचे नाकारतात. काही मात्र कोणतीही सूचना न देता फ्रेमची संख्या किंवा चित्राचा आकार घटवितात, आणि हा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. कार्ड थेट संगणकाच्या खाचेत लावून सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा आकार व फ्रेमसंख्या स्वतः निवडावी. 'आपोआप' हा पर्याय दिसावयास सोयीचा असला तरी तो काय निवडतो हे पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

काळा रंग काळा का दिसत नाही

पूर्वदर्शनात रंग फिके, जणू धुक्याआडून पाहिल्यासारखे दिसतात, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिचे कारण जरा विस्ताराने सांगणे योग्य होईल. संगणक प्रत्येक रंगाची तीव्रता ० ते २५५ या आकड्यांत मोजतो. ० म्हणजे पूर्ण काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण प्रकाश. दूरचित्रवाणीच्या जगात मात्र काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर मानण्याची रीत आहे. कन्सोल एका पट्टीने मोजून आकडे पाठवितो आणि सॉफ्टवेअर ते दुसऱ्या पट्टीने वाचते, तेव्हा घोटाळा होतो.

हा घोटाळा दोन प्रकारचा असून त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. दूरचित्रवाणीच्या पट्टीचे आकडे संगणकाच्या पट्टीने वाचले तर १६ हा काळा न दिसता राखाडी दिसतो. चित्र फिके होते, तथापि त्यातील तपशील शाबूत असतो आणि तो पुढेही बव्हंशी सुधारता येतो. याउलट, संगणकाच्या पट्टीचे आकडे दूरचित्रवाणीच्या पट्टीने वाचले तर १६ च्या खालचे सर्व काही एकजात काळे आणि २३५ च्या वरचे सर्व काही एकजात पांढरे होते. गुहेच्या अंधारात लपलेला शत्रू त्या काळोखात कायमचा बुडतो. गंमत अशी की हे दुसरे चित्र प्रथमदर्शनी अधिक 'उठावदार' वाटते व पुष्कळजण तेच पसंत करतात.

परीक्षा सोपी आहे. खेळातील पूर्ण काळा पडदा पूर्वदर्शनात आणावा आणि रंग मोजणाऱ्या एखाद्या साधनाने त्याचा आकडा पाहावा. तो ० यावा. १६ च्या आसपास आला तर कन्सोलच्या सेटिंगमधील आणि सॉफ्टवेअरमधील पट्टी एक करून घ्यावी. नव्या कन्सोलवर विस्तृत प्रकाशश्रेणीचे, म्हणजे एच.डी.आर. पद्धतीचे चित्र चालू असेल तर त्यामुळेही मुद्रण फिके येते. कार्डास ती पद्धत हाताळता येत नसेल तर कन्सोलमधून ती बंद करणे हाच सरळ उपाय आहे.

पन्नास पिक्सेलांना एक बिट

आता पूर्वदर्शन निर्दोष आहे असे धरू. तरीही फाइल वाईट निघते, तेव्हा तिला दिलेला बिट-दर तपासावा. संगणकात आलेले चित्र जसेच्या तसे साठविले तर एका तासात शेकडो गिगाबाइट जागा लागेल. म्हणून २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ यांसारख्या पद्धतीने त्याचे संक्षेपण करतात. ही पद्धत मागील फ्रेममधून पुढील फ्रेमचा अंदाज बांधते आणि जेवढा फरक पडला तेवढाच लिहून ठेवते. एका सेकंदाचा हा फरक लिहिण्यास किती बिट वापरावयाचे हा आकडा म्हणजे बिट-दर.

ओ.बी.एस. हे २०१२ साली आरंभ झालेले विनामूल्य सॉफ्टवेअर या कामासाठी जगभर वापरले जाते. त्याच्या अनेक आवृत्त्यांत बिट-दराचा आरंभीचा आकडा २,५०० किलोबिट, म्हणजे सेकंदास २५ लाख बिट, असा ठेवलेला असे. तो मंद इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांच्या सोयीचा होता. वर सांगितलेल्या १२ कोटी ४४ लाख पिक्सेलांत हे २५ लाख बिट वाटले तर सुमारे पन्नास पिक्सेलांच्या वाट्याला मिळून एक बिट येतो! अनेकांनी तो आकडा न बदलता महिनोन्‌महिने मुद्रणे केली आणि दोष कार्डास दिला.

बिट-दर अपुरा असल्याची खूण अशी: पात्र एका जागी उभे राहिले की क्षणार्धात चित्र स्वच्छ होते, आणि ते धावू लागताच गवत, पाऊस, धूर, ठिणग्या यांचे ठोकळे होतात. दृश्य स्थिर असताना लिहिण्याजोगा फरकच नसतो. सगळे काही एकदम हलले म्हणजे संक्षेपकास शब्द अपुरे पडतात. जे मुद्रण जतन करावयाचे आहे त्यासाठी ठराविक बिट-दरापेक्षा ठराविक दर्जा ठेवण्याची पद्धत श्रेयस्कर आहे. तीत संक्षेपक शांत दृश्यात बिट वाचवितो आणि धावपळीच्या दृश्यात ते सढळ हाताने खर्च करतो. सेकंदास ४ कोटी बिट या दराने तासाभरास सुमारे १८ गिगाबाइट जागा लागते. साठवणीची डिस्क स्वस्त झाल्याच्या काळात ही कंजुषी सोडून द्यावी.

चित्र स्वच्छ पण अडखळणारे असेल तर संगणक थकला आहे असे समजावे. ओ.बी.एस.मध्ये चित्ररचनेत चुकलेल्या आणि संक्षेपणात सुटलेल्या फ्रेमचे आकडे वेगवेगळे पाहता येतात. ज्याचा आकडा वाढतो त्याचा भार हलका करावा.

लुकलुकणाऱ्या आकृती

आतापर्यंतचे दोष नव्या यंत्रांचे होते. खरी कसोटी लागते ती जुन्या कन्सोलपाशी, आणि जतनाची निकडही तेथेच अधिक आहे.

दूरचित्रवाणीचे जुने तंत्र एकेक चित्र दोन खेपांत पाठवीत असे. आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम क्रमांकाच्या. अशा अर्धचित्रांची संख्या भारतात सेकंदास ५० होती. दूरदर्शनने १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले तेव्हा स्वीकारलेली ६२५ रेषांची पाल पद्धत तीच. जपान व अमेरिकेत ५२५ रेषा आणि सुमारे ६० अर्धचित्रे असत. कार्ड एका पद्धतीवर आणि कन्सोल दुसऱ्या पद्धतीचा असला तर चित्र घसरत राहते किंवा नुसते कृष्णधवल दिसते. पाल पद्धतीच्या कन्सोलचे मुद्रण सेकंदास ६० फ्रेमने केले तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम उसनी घ्यावी लागते आणि सरळ चालणारी आकृती ठेचकाळत चालल्यासारखी दिसते. येथे मुद्रणही ५० फ्रेमचेच असावयास हवे.

दोन अर्धचित्रे जोडून एक फ्रेम केली की हलत्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात, कारण दोन अर्धी दोन वेगळ्या क्षणांची असतात. हे दात घालविण्यासाठी सॉफ्टवेअर काही वेळा दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळते, काही वेळा त्यांपैकी एक टाकून देते. दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र अनर्थ होतो.

जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राचे उदाहरण घ्यावे. या यंत्राने, आणि त्याच्या काळातील इतर अनेक यंत्रांनी, अर्धचित्रांची रीत पाळलीच नाही. ती सुमारे २४० रेषांचे पूर्ण चित्र प्रत्येक खेपेस त्याच रेषांवर, सेकंदास सुमारे ६० वेळा पाठवीत. जुना काचेचा संच ते निमूटपणे दाखवी. कॅप्चर कार्डास मात्र ही अर्धचित्रेच आहेत असे वाटते, आणि ते लागोपाठची दोन पूर्ण चित्रे एकात विणून टाकते. साठ क्षणांचे तीस क्षण होतात.

याचा परिणाम काय होतो हे पाहण्याजोगे आहे. फॅमिकॉमच्या पडद्यावर हलणाऱ्या आकृती स्प्राइट नावाच्या लहान तुकड्यांच्या बनलेल्या असतात. यंत्र एका वेळी असे ६४ तुकडे सांभाळते, पण एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक तुकडे काढू शकत नाही. नववा तुकडा उमटतच नाही. यावर तोड म्हणून खेळ रचणाऱ्यांनी तुकड्यांचा क्रम प्रत्येक फ्रेममध्ये फिरता ठेवला. या फ्रेममध्ये एक आकृती गाळली गेली तर पुढच्या फ्रेममध्ये दुसरी. डोळ्यास त्या सर्व लुकलुकत का होईना, पण दिसत. मार खाल्लेला नायक काही क्षण अवध्य झाला आहे हे सुचविण्यासाठीही तो असाच एका फ्रेमआड दाखविला जाई.

साठांपैकी एकाआड एक फ्रेम टाकून देणारे मुद्रण या लुकलुकण्याचे काय करते? जी आकृती सम फ्रेममध्येच दिसते ती, टाकलेल्या फ्रेम सम असतील तर, मुद्रणातून समूळ नाहीशी होते. टाकलेल्या फ्रेम विषम असतील तर ती अखंड, न लुकलुकता दिसते. फ्रेम मिसळणाऱ्या पद्धतीत तिचे अर्धपारदर्शक भूत होते. तिन्ही मुद्रणे खोटी आहेत. पाहणाऱ्यास मात्र त्यांतील एकही बिघडलेले वाटत नाही. चित्र स्वच्छ असते, फक्त शत्रू तेथे नसतो आणि नायक अदृश्य वस्तूस धडकून मरतो.

अशा एकेका फ्रेमवर वाद उभे राहिल्याचे उदाहरण आहे. १९८१ साली आलेल्या 'डाँकी काँग' या खेळातील काही गाजलेल्या विक्रमांविषयी २०१८ साली शंका घेण्यात आली. एक टप्पा संपून दुसरा सुरू होताना पडद्यावरील तुळया कोणत्या क्रमाने उमटतात, हे जुन्या मुद्रणांत फ्रेम थांबवून पाहण्यात आले. कारण मूळ यंत्र आणि संगणकावर त्याची नक्कल करणारे सॉफ्टवेअर यांचा तो क्रम सारखा नसतो. ट्विन गॅलक्सीज या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने मुद्रणातील खेळ मूळ, फेरफार न केलेल्या यंत्रावरील नाही असा निष्कर्ष काढून ते विक्रम रद्द केले. प्रकरण न्यायालयात गेले, २०२४ साली तडजोडीने मिटले, आणि ते गुण संस्थेच्या ऐतिहासिक नोंदींत पुन्हा दाखल झाले. निवाडा कोणाच्याही बाजूचा असो, ती चर्चा फ्रेम शाबूत राहिल्या म्हणूनच होऊ शकली.

उपाय दोन आहेत. पहिला, सॉफ्टवेअरमध्ये अर्धचित्रे न मिसळता प्रत्येकाची स्वतंत्र फ्रेम करणारा पर्याय निवडणे आणि मुद्रण ६० फ्रेमचे ठेवणे. दुसरा, कन्सोल व कार्ड यांच्यामध्ये रेषा दुप्पट करणारे उपकरण बसविणे. असे उपकरण २४० रेषांचे चित्र ओळखते आणि प्रत्येक रेष दोनदा काढून ते एच.डी.एम.आय. वाटेने पुढे देते. फॅमिकॉमची मूळ गती सेकंदास बरोबर ६० नसून सुमारे ६०.१ फ्रेम आहे, आणि काही कार्डे अशी अनियमित गती स्वीकारीत नाहीत. ते आधी तपासावे. लहान पिक्सेलांचे चित्र संक्षेपणापूर्वी दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पूर्ण पटीतच मोठे करावे. दीडपट केले तर काही पिक्सेल जाड व काही बारीक होतात. आणि मुळीच मोठे न केले तर रंगाचा तपशील अर्धा करणाऱ्या संक्षेपणात एका पिक्सेलाची लाल अक्षरे विरघळून जातात.

आणखी एक गोष्ट उरते, आणि तिचे उत्तर यंत्रापाशी नाही. सेगा कंपनीच्या १९८८ सालच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावर १९९१ साली 'सॉनिक द हेजहॉग' हा खेळ आला. त्यातील धबधबे उभ्या पट्ट्यांनी काढलेले आहेत: एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. पिवळ्या टोकाच्या साध्या केबलीतून जाताना या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि काचेच्या संचावर पाणी पारदर्शक दिसे. उत्तम केबल, उत्तम उपकरण आणि उत्तम कार्ड वापरून तोच धबधबा मुद्रित केला तर पाणी नाहीसे होऊन कुंपणाच्या गजांसारख्या रेघा दिसू लागतात. चित्र पूर्वीपेक्षा स्वच्छ असते, पण १९९१ साली आपल्या घरी तो खेळ खेळणाऱ्या मुलाने ते तसे पाहिलेले नसते.

काळजीपूर्वक काम करणारे मुद्रक अशा वेळी दोन्ही मुद्रणे ठेवतात: एक स्वच्छ वाटेने, एक साध्या केबलीने. आणि फाइलीशेजारी एक लहान टिपण जोडतात. कन्सोल कोणता व कोणत्या देशाचा, केबल कोणती, कार्ड कोणत्या खाचेत, चित्राचा आकार, सेकंदास फ्रेम, रंगाची पट्टी, संक्षेपणाचा दर्जा. हे टिपण लिहावयास दोन मिनिटे लागतात. कन्सोल गंजून बंद पडल्यावर त्या धबधब्यातील रेघा खेळाच्या होत्या की मुद्रणाच्या, हे सांगणारा दुसरा कोणताही पुरावा उरलेला नसतो.